अर्धी घंटी

सर्व संबंधितांस, आणि त्यांच्याहून जास्त उत्साही अशा सर्व असंबंधितांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की आमच्या लष्कर भागात तिळगुळाची गजक कुटायला सुरुवात झाली आहे. सबब आजपासून थंडी अधिकृत समजावी. ज्यांनी अद्याप रजया उन्हात टाकलेल्या नाहीत त्यांनी मनातल्या मनात लाजावे. ज्यांच्या घरी अजून गाजराचा हलवा झाला नाही त्यांनी ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नये. आणि या हंगामात ज्यांचे फोन बोटांचं ऐकेनासे होतील, त्यांनी फोनला शिव्या घालण्याआधी माझ्याकडे यावे. कारण या एका विषयात मी एका हिवाळ्यात पुरी तयार झालेली बाई आहे.

मी मोबाइलची ॲप्स बनवते. हे वाक्य मी नया बाजारातल्या शेजारणींना वर्षानुवर्षं सांगते आहे आणि त्या वर्षानुवर्षं माझ्याकडे फुटक्या काचा घेऊन येतात. काचेसाठी मी त्यांना बाजारात पाठवते. माझं काम काचेच्या मागचं. बोट टेकलं की पुढे काय व्हावं ते ठरवायचं, आणि बहुतेक दिवस, बोट टेकूनही काहीच का होत नाही ते शोधत बसायचं. आमच्या धंद्यातली सगळ्यात छळवादी तक्रार दोन-तीन शब्दांचीच असते: "बटण चालत नाही." कोणतं, कधी, कुणाच्या हातून, काही नाही. वैद्यासमोर बसून नुसतं "दुखतं" म्हणावं आणि पुढे छताकडे बघत राहावं, तसं.

गल्लीच्या तोंडाशी लाकडी हातोड्यांची ठोकठोक चालू झाली, भाजल्या तिळाचा आणि गुळाच्या पाकाचा वास खिडकीतून आत आला, की मला ती तक्रार आठवते. आणि तिच्या मागोमाग कापूस.

कापूस असा की माझी प्रमिलाआत्या, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, पाटणकर बाजारात एका रजयांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. थंडीत खाली दिवसभर मशीनवर कापूस पिंजतात आणि तो जिन्याने वर चढतो. आत्याकडे जाणारा प्रत्येक माणूस वर पोचेपर्यंत डोक्याने पिकलेला असतो. दार उघडून आत्या त्याच्या केसांवर हात फिरवते आणि म्हणते, "ये, किती म्हातारा झालास!" हा विनोद मी लहानपणापासून ऐकते आहे. आता तिने कापूस झटकला तरी माझे केस पांढरेच राहतात, पण विनोद तिने बदललेला नाही.

आत्या शाळेत गणित शिकवायची. अर्ध्या लष्कराला तिने पाढे शिकवले आणि उरलेल्या अर्ध्याला कान धरून बाहेर उभं केलं. आतोबा जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा शिरीष आणि सून मधुरा बंगळुरूला. त्या वर्षी, पहिला दाट कोहरा पडला त्याच आठवड्यात, आत्या न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरली. हाड मोडलं नाही. तिचा बटणांचा जुना फोन मात्र बादलीत पडून कायमचा शांत झाला. ती हाका मारत राहिली, खाली मशीन कापूस पिंजत राहिलं, आणि दूधवाला वर येईपर्यंत ती ओल्या फरशीवर बसून होती.

"नीलूताई, बस झालं," शिरीष मला फोनवर म्हणाला. "आईला मी इकडे आणतो."

"तिकडे मी काय करू?" आत्या इकडे माझ्यासमोर उसळली. "लिफ्टमधून वर जा, लिफ्टमधून खाली ये. इथे जिन्यावर पाय पडला तर पावलावरून सांगते मी, कोण आलंय ते. तिथे शेजारच्या दारातला माणूस सुद्धा मला आंटी म्हणतो आणि नाव विचारलं तर दार लावून घेतो."

शेवटी शिरीषनेच तोड काढली. रथसप्तमीपर्यंत बघू. तो सुट्टी घेऊन येणारच होता. तोवर आत्याने रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्याला फोन लावायचा. "मी केला तर ती उचलतेच, ताई. पण मला बघायचं आहे की गरज पडली तर तिला लावता येतो का. नाही आला, तर येताना मी दोघांचं तिकीट काढूनच येतो."

म्हणजे आत्याचं घर, तिचा जिना, तिचा विनोद, सगळं एका बटणावर आलं. आणि बटण बनवणारी मी! रंगभूमीवर ज्या प्रवेशाची मी जन्मभर वाट पाहत होते तो हा. पदर खोचला आणि कामाला लागले.

ॲप अगदी सोपं केलं. आत्याला अक्षरं वाचता येतात, पण चष्मा सापडत नाही. म्हणून नावं नाहीत, नंबर नाहीत, नुसते मोठे मोठे फोटो. शिरीष, मधुरा, मी, माझे यजमान, डॉक्टर, खालचे रजईवाले भैयाजी, आणि गॅसच्या एजन्सीसाठी एक लाल सिलिंडर. फोटोला बोट लाव, घंटी जाईल. चुकून लागला तर त्याच जागी पुन्हा बोट टेकव, तुटेल. यापुढे माणसाला अजून काय हवं?

मला हवं होतं. मला तोरण हवं होतं. नुसते फोटो म्हणजे रेशन दुकानाच्या भिंतीसारखे दिसत होते, म्हणून मी वर झेंडूचं एक तोरण टांगलं, हळूच झुलणारं. आणि त्या क्षणापासून एकही बटण चालेना. आत्याच्या गच्चीवर उन्हात बसून, एका हाताने मटार सोलत, मी दुपारभर शोधलं. चित्रातली फुलं वरच होती, पण त्यांच्या खालचा न दिसणारा भाग सगळ्या फोटोंवर पसरला होता. डोळ्यांना काही नाही, बोटाला मात्र पडदा. प्रत्येक स्पर्श झेंडूच खाऊन टाकत होता. मी पडदा कापला तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, "तोरण दाराला बांधतात गं. तू दारच बंद केलंस."

मग तिने शिरीषच्या गालावर टिचकी मारावी तसं बोट टेकवलं, घंटी गेली, तो बोलला, आम्ही मटार टाकून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन वाजला. पूर्ण नाही. अर्धी घंटी, आणि गप्प. थोड्या वेळाने शिरीषचा आला. "ताई, आईचा फोन आलाच नाही."

तिसऱ्या दिवशी तेच. मला अर्धी घंटी. मधुराला अर्धी घंटी. शिरीषला काही नाही. माझ्या यजमानांना काही नाही. डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही काही नाही. बायकांकडे अर्धी घंटी, पुरुषांकडे शुकशुकाट! मधुरा हसत म्हणाली, "ताई, तुमचं ॲप फारच पुढारलेलं आहे." शिरीषला हसू येत नव्हतं. "मी मुलगा आहे तिचा. मला मिस्ड कॉल सुद्धा नाही?" हे अर्धं रडणं होतं आणि अर्धं तिकिटाचं बोलणं, आणि मला दोन्ही ऐकू येत होती.

मी धावत पाटणकर बाजारात. डोक्याला कापूस लावून वर. "आत्या, लाव बघू माझ्यासमोर."

तिने माझ्यासमोर शिरीषच्या गालावर टिचकी मारली. घंटी खणखणीत गेली.

"बघ, लागतोय ना!" आत्या विजयाने म्हणाली. "कधी लागतो, कधी नाही लागत. त्याची मर्जी. शिरीषचा लागला नाही की मधुराला लावते, तिचा तुटला की तुला लावते, तुझा पण तुटला की बाकीच्यांना एकेकदा लावून बघते आणि चाय ठेवते. मशीनच्या मागे किती लागायचं?"

मी समोर असले की चालणार, मी जिना उतरले की बंद. असले दोष आमच्या धंद्यात असतात. बघायला गेलं की लपतात. मी एकेकावर संशय घेऊ लागले. थंडीने तिची बोटं कोरडी पडली असतील, काचेला जाणवत नसतील. गोठलेलं खोबरेल उन्हात पातळ करून मी तिच्या बोटांना चोळलं. तिने ते कोपरापर्यंत लावून घेतलं आणि म्हणाली रोज ये. मग काचेवरचा प्लॅस्टिकचा तुकडा काढला. काच पदराने पुसली तर पदराला पुसट लाल लागलं. सापडला चोर! खालून उडणारा रजयांच्या लाल कापडाचा भुगा! मी खाली उतरून भैयाजींना हे जाहीर केलं. त्यांनी हातातली सुई खाली ठेवली.

"दीदी, हमारा कपड़ा रंग नहीं छोड़ता," ते म्हणाले, एखाद्याच्या मुलीच्या चारित्र्यावर कोणी बोललं असावं अशा आवाजात. "आप अपना मोबाइल देखिए."

ते बरोबर होते. पण तो लाल रंग कुठला, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

शेवटी आम्ही जे करतो ते केलं. काचेवर बोट कधी टेकलं, कुठे गेलं, कधी उठलं, याची टिपणं फोनने ठेवावी आणि मला पाठवावी, अशी सोय केली. आत्याला विचारलं. "पाठवू दे ना," ती म्हणाली. "माझ्याकडे काय लपवायचं आहे?"

टिपणं आली. शिरीषच्या फोटोवर रोज सकाळी एकच ओळ. स्पर्श सुरू. स्पर्श सरकला. स्पर्श रद्द.

याचा अर्थ सरळ होता. बोट टेकलं आणि जागच्या जागी उठलं, तर फोन समजतो की दाबलं. टेकून जरा सरकलं, तर तो समजतो, हिला पान वरखाली करायचं आहे, दाबायचं नाही. आणि तो स्पर्श सोडून देतो. आत्याचं बोट सरकत होतं. थरथर असेल, मला वाटलं. शिरीषला हे सांगावं लागलं तर तिकीटच. पण थरथरणारं बोट इकडे तिकडे जातं. हे बोट नेहमी एकाच दिशेला जात होतं. वर.

मी ती सगळी टिपणं फोटोंवर रेघांनी काढून बघायचं ठरवलं. रंग लाल घेतला. त्यात काही विशेष नाही. चुकीला आम्ही लालच रंग देतो.

भर दुपार होती. खिडकीत ऊन, टेबलावर गजक, खाली कुणीतरी भाजीवाल्याशी हुज्जत घालत होतं. पडद्यावर शिरीष उमटला. त्याच्या दोन भुवयांच्या मधून निघून कपाळावर वर गेलेली एक लाल रेघ. माझे यजमान, कपाळावर लाल रेघ. डॉक्टर, लाल रेघ. भैयाजी, त्यांना तर जरा लांबच, टोपीपर्यंत. मधुराच्या आणि माझ्या कपाळावर रेघ नव्हती. दोन ठिपके होते, खेटून, एकानंतर एक. आधी हळद, मग कुंकू.

ज्याला हाक मारायची, त्याला आधी कुंकू लावत होती आत्या. आंघोळ झाली, देवांना लावलं, आणि तेच बोट घेऊन फोनशी बसली. पुरुषाला टिळा ओढायचा, म्हणून बोट सरकायचं आणि फोन ते सोडून द्यायचा. बायकांना दोन बोटं. पहिल्याने घंटी जायची, आणि त्याच जागी दुसरं टेकलं की, माझ्याच सोयीप्रमाणे, तुटायची. आणि सिलिंडर? गॅस संपला होता त्या दिवशी तिने सिलिंडरवर नीट चार बाजूंच्या रेघा ओढून स्वस्तिक काढलं होतं. नवीन वस्तू घरात येताना काढतात तसं. एजन्सीला फोन अर्थातच लागला नव्हता.

सिलिंडर बघून मी एकटीच मोठ्याने हसले. मग हसू कुठेतरी मधेच थांबलं.

आत्याला मी कधी कुणाला कुंकू लावताना पाहिलं नव्हतं. संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडे हळदीकुंकू होतं, आणि त्या दिवशी ती सकाळपासून येते. वाणाच्या पुड्या बांधते, तिळाचे लाडू वळते, आणि बायका बसायला लागल्या की चहा बघायला आत जाते. आमच्या घरात तिला कुणी कधी नको म्हटलेलं नाही. आम्ही सुधारलेली माणसं. फक्त करंडा तिच्यापर्यंत पोचायच्या आत ती उठायची, आणि ती उठेपर्यंत करंडा तिच्यापर्यंत पोचायचा नाही. दोन्ही बाजूंनी इतक्या सफाईने हे चालायचं की कुणाला काही टोचायला जागाच नव्हती. आणि मी समोर बसले की बोट शहाण्यासारखं गालावर टिचकी मारायचं. एकटी असली की कपाळावर जायचं.

तिला सांगितलं असतं तर काम एका मिनिटाचं होतं. तिने दुसऱ्या दिवसापासून गालावर टिचकी मारली असती, सगळे फोन लागले असते, शिरीष खूश. आणि एवढ्या वर्षांनी तिला मिळालेली ती कपाळं तिच्याकडून गेली असती.

मी तिला काही बोलले नाही. मी ॲप बदललं. कपाळाच्या जागी बोट टेकून वर गेलं, तर ते दाबलंच समजायचं. खेटून दोन बोटं टेकली, तर दोन्ही मिळून एक. दुसऱ्याने तोडायचं नाही. तोडायचं बटण खाली नेलं, हनुवटीपाशी. सिलिंडरच्या स्वस्तिकासाठी मात्र वेगळा नियम लिहावा लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून घडलेलं तेवढंच धार्मिक कार्य.

त्यानंतरच्या सकाळी मधुराने कळवलं की शिरीष बाथरूममधून साबणासकट धावत आला. माझाही फोन वाजला, आणि वाजतच राहिला. मी मुद्दाम जरा वेळ उचलला नाही. पुरी घंटी कशी असते ते ऐकत राहिले.

"आज सरळ लागले गं सगळे," आत्या म्हणाली. "काय केलंस?"

"काही नाही. तेलपाणी."

"मी म्हणतच होते, माझ्या बोटात दोष नाही."

आता कुणी म्हणालं बटण चालत नाही, की मी आधी त्या माणसाचा हात बघते. भैयाजी दिवसाचा पहिला फोन करण्याआधी मोबाइल कपाळाला लावतात, आणि त्या लावण्यात तो कुणाला तरी आधीच लागलेला असतो. माझे यजमान प्रत्येक बटण दोनदा दाबतात, कुलूप दोनदा ओढून बघतात तसं. बोट एकटं येत नाही. त्याच्यामागे घर येतं, घरातली शिस्त येते, कुणी न बोललेलं काहीबाही येतं, आणि काचेला वाटतं हिला नुसतं पान सरकवायचं आहे. काचेचं काय चुकलं? आम्हाला तरी कुठे कळलं होतं?

आज सकाळीही तिची घंटी आली. गजक आणलीस का, विचारत होती. यंदाची थंडी गोड आहे.

त्या वर्षी रथसप्तमीला शिरीष आला. आत्याने त्याला काही विचारलं नाही. फक्त तो आल्यापासून ती घरातली प्रत्येक वस्तू पुसत होती, निरोप घ्यावा तशी. आमच्याकडे हळदीकुंकू, म्हणून दोघं दुपारीच आली. स्वयंपाकघरात शिरीषने गजकीचा तुकडा मोडला, अर्धा आईच्या हातात दिला आणि म्हणाला, "उद्या स्टेशनवर सोडायला येऊ नकोस हां, थंडी फार आहे. मी जाईन एकटा." आत्याने तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ तो चावतच राहिली. मग वाणाच्या पुड्या इतक्या जोरात बांधायला लागली की दोरा तुटला.

बाहेर बायका जमल्या. शिंदे की छावनीतल्या काकू, त्यांच्या सुना, खालच्या मजल्यावरची पोरगी. "काकू, ये साडी कहाँ से ली?" "अगं, जुनीच आहे, बस फॉल नवा लावला." आत्या चहाकडे वळली. मी करंडा घेऊन आत गेले.

"आत्या, जरा टेस्टिंग करायचं आहे."

"आत्ता? बाहेर बायका बसल्यात."

"आत्ताच. दोनच बोटं लागतील."

तिने करंड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. चहा वर आला, मी हात लांब करून गॅस बंद केला.

"तुला दिसतं होय गं ते?" ती हळू आवाजात म्हणाली.

"मला नाही. फोनला दिसतं."

"सिलिंडर पण?"

"सिलिंडर पण."

आत्याने पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते; ती हसते आहे हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी तिचा हात धरला आणि बाहेरच्या खोलीत आणलं, सगळ्यांच्या मधे, आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून ऐटीत बसले, कपाळ पुढे करून. एका काकूंच्या हातातला लाडू तोंडापाशीच राहिला. शिरीष स्वयंपाकघराच्या दारात उभा होता.

"मला नको गं ओढू यात," आत्या म्हणाली, पण हात करंड्यात गेला होता.

हळद टेकली. तिचं बोट थंडगार होतं आणि मुळीच थरथरत नव्हतं. मग कुंकू, अगदी खेटून. बोट उचलून आत्या तशीच उभी राहिली, मान जराशी कलती, रोज सकाळी राहते तशी. थोडा वेळ वाट पाहिली. आणि भरल्या खोलीत मोठ्याने म्हणाली,

"अय्या, हिची घंटी का नाही गेली?"